गोव्यात कायद्याची आणि सरकारी माहिती कशी शोधायची: आधी महाराष्ट्राचं पान बंद करा

मराठीत गूगल करणाऱ्या गोंयकाराची पहिली गोची इथंच होते. "जमिनीचा उतारा कसा काढायचा" असं टाइप केलं की समोर सातबारा, महाभूलेख, आपले सरकार, सगळं पलीकडच्या राज्याचं येतं. आमचा मामा सत्तरी तालुक्यात राहतो, तो एकदा अख्खी संध्याकाळ जिल्ह्यांच्या यादीत गोवा शोधत बसला होता, आणि वर मलाच म्हणतो, "अरे, आपलं राज्यच काढून टाकलंय यांनी!" काढलेलं नाही मामा, ते तिथं कधी नव्हतंच.

तर माहिती शोधायला बसलात की आधी वर बघायचं, हे पान कुठल्या राज्याचं आहे. दाखल्यांच्या फीमध्ये एक वेळ चूक चालेल, पण घर-जमीन आणि वारसा यात चालत नाही. यूट्यूबवर कोणी वकीलसाहेब हिंदू वारसा कायदा समजावून सांगतात, आपण मान डोलवतो, पण तो इथं लागू नाही. गोव्यात कुटुंबाचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला आहे आणि वारसा, इन्व्हेंटरी (म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) वगैरेसाठी आता आपला स्वतःचा २०१२ चा कायदा आहे, जो २०१६ मध्ये अंमलात आला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे अर्धे-अर्धे मालक, घर विकायचं तर दोघांची सही लागते, आणि मृत्युपत्र करून सगळं एकाच मुलाच्या नावावर करतो म्हटलं तर तेही जमत नाही कारण अर्धा वाटा सक्तीच्या वारसांसाठी, म्हणजे मुलं वगैरेंसाठी, राखीव असतो. हे माहीत नसताना पुण्याचा व्हिडिओ बघून भांडणं सुरू झालेली मी घरातच बघितलीत.

आता जमिनीचं. आपल्याकडे सातबारा नाही, १/१४ म्हणजे फॉर्म १ आणि १४ आहे, बोलताना लोक एक-चौदा किंवा वन-फोर्टीन म्हणतात. तो जमाबंदी आणि भू-अभिलेख खात्याच्या, म्हणजे डीएसएलआरच्या साइटवर दिसतो. तालुका निवडा, गाव निवडा, सर्व्हे नंबर आणि त्याचा सब-डिव्हिजन नंबर टाका, झालं. सोपं वाटतं ना, पण अडतं ते नंबरावर. आम्ही एका ऑफिसात घरपट्टीची पावती घेऊन गेलो, मामा अभिमानाने म्हणाला हा बघा नंबर, काउंटरवरच्या बाईंनी पावती बघितली नि म्हणाल्या, "हा घर नंबर, मला सर्व्हे नंबर पाहिजे." सकाळ फुकट. घर नंबर पंचायतीचा, सर्व्हे नंबर जमिनीचा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर जुनं विक्रीखत बघा, शेजाऱ्याचा १/१४ बघा (त्याच्या आसपासचाच नंबर असणार), नाहीतर गावचा सर्व्हे नकाशा बघून तलाठ्याला विचारा. आणि जागा पणजी-म्हापसा-मडगावसारख्या शहरात असेल तर सर्व्हे नंबर विसरा, तिथं चलता नंबर (शहरातल्या प्लॉटचा नंबर) आणि पी.टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा) लागतो आणि कागद फॉर्म डी असतो.

उतारा मिळाला की फक्त वरचं नाव बघून फोन बंद करू नका. कूळ कोण लागलंय तो रकाना बघा, इतर हक्काचा बघा, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) वगैरे भानगड असेल तर ती तिथंच कळते. आणि १/१४ वर नाव म्हणजे मालकी पक्की असं समजू नका. जमीन महसूल कायद्याचं कलम १०५ म्हणतं की ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. म्हणजे कोणी उलट सिद्ध केलं की संपलं. अजून एक, साइटवरून बघायला काढलेला प्रिंट आणि फी भरून मिळणारी सहीची प्रत वेगळी, बँकेत ही सहीचीच मागतात.

मग कायदा वाचायचा कुठं? इंडिया कोड नावाची केंद्र सरकारची साइट आहे, त्यात राज्य निवडायचं, गोवा, आणि कायद्याचं नाव टाकायचं. मूळ मजकूर फुकट मिळतो, इंग्रजीत असतो हे खरं, पण कूळ कायदा १९६४ चा, जमीन महसूल कायदा १९६८ चा, मुंडकार कायदा १९७५ चा, पंचायत राज १९९४ चा, एवढी नावं आणि सालं पाठ असली तरी अर्धं काम होतं. नावात "गोवा, दमण आणि दीव" असेल तर बिचकू नका, १९८७ च्या आधीचे आहेत, आपलेच आहेत.

नवीन काही आलं असेल तर गॅझेट. व्हॉट्सअपवर "सरकारने नवा नियम केला" असा मेसेज फिरतो ना, तेव्हा मी एकच विचारतो, नोटिफिकेशन नंबर किती आणि तारीख कुठली. बहुतेकदा पुढचं बोलणं तिथंच थांबतं. गोव्याचं राजपत्र गुरुवारी निघतं, तीन मालिकांत: पहिलीत कायदे-नियम, दुसरीत नेमणुका-आदेश, तिसरीत जाहिराती आणि नोटिसा, नाव बदलल्याच्या सुद्धा. छपाई खात्याच्या साइटवर पीडीएफ असतात. जुनं काही हवं असेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत एक सकाळ काढा, १८३२ ची लायब्ररी आहे, आणि तिथली माणसं विचारलं तर सांगतात.

कोर्टात केस आहे पण वकील फोन उचलत नाही, अशांसाठी ई-कोर्ट्स ॲप. सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख, मागचे आदेश सगळं दिसतं. तो नंबर वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या, मागून मागितला की "ऑफिसात आहे" असं उत्तर मिळतं. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा, आणि इथं आपली गोव्याची खास गंमत आहे. स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं. नाईकच्या शेवटी के नसून क्यू-यू-ई असू शकतो, शेटची सुरुवात एक्सने होते, देसाईत एस दोनदा येतो. मामाच्या वडिलांचं नाव आम्हाला चौथ्या खेपेला सापडलं. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका, सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाका आणि साल द्या.

एवढं करूनही मिळालं नाही तर आरटीआय. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता, देशाचा २००५ ला आला. दहा रुपये फी, अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो, उत्तराला ३० दिवस. लोक चुकतात ते प्रश्न विचारण्यात. "माझ्या अर्जावर कारवाई का केली नाही?" असं लिहिलं की उत्तर येतं, ही माहिती नव्हे. २००८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानेच म्हटलंय की "का" याचं कारण पुरवणं माहितीत बसत नाही. त्यामुळे कागद मागा: "अमुक तारखेच्या, अमुक इनवर्ड (आवक) नंबरच्या माझ्या अर्जावरील सर्व टिपण्यांची आणि नोटिंगची साक्षांकित प्रत द्यावी." का नाही केली ते त्या नोटिंगवरूनच कळतं. खातं चुकलं तरी घाबरू नका, पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ३० दिवसांत काही आलं नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, मग ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. इनवर्डचा शिक्का मारलेली स्वतःची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, माझी एक प्रत अशी राहिली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

कागद हातात आले पण पुढं काय ते कळेना तर १५१०० या नंबरवर फोन करा, किंवा जिल्हा कोर्टात कायदेविषयक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथं जा, वकील फुकट मिळू शकतो. बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. आमच्याकडे शेवटी अर्ज मामीच्या नावानं गेला. घर अर्धं तिचं होतंच, मामा फाइल धरून मागच्या बाकावर बसला.