बागेतील घोळ, आंबुशी आणि बेसिलचा पेस्तो

इटलीच्या लिगुरिया प्रांतात, विशेषतः जेनोआ शहरात, पेस्तो हे पास्त्यात कालवायचे हिरवे वाटण करताना बेसिलची कोवळी पाने, लसूण, पाइनच्या बिया, जाडे मीठ, परमेजान आणि पेकोरिनो ही दोन प्रकारची चीज व ऑलिव्ह तेल एवढेच जिन्नस घेतात आणि ते संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटतात. त्याच प्रांतात डोंगरउतारावरच्या रानभाज्या एकत्र करून रांधण्याचीही जुनी रीत आहे. त्यामुळे आपल्या गच्चीवरील कुंड्यांत न लावता उगवलेली घोळ आणि आंबुशी पेस्तोत घातली, तर त्यात फारसे वावगे नाही. मात्र एक पथ्य पाळावे: सुगंध बेसिलचा असावा आणि तणाने त्याला फक्त भर व किंचित चव द्यावी. म्हणून दोन वाट्या बेसिलला एक वाटीहून अधिक तण घेऊ नये.

बेसिल नसल्यास सब्जाची पाने चालतात. सब्जा ही त्याच जातीची वनस्पती आहे, पण तिचा वास अधिक उग्र असल्याने निम्म्या पानांऐवजी कोथिंबीर घालणे बरे. तुळस मात्र घेऊ नये, कारण तिचा लवंगेसारखा दर्प चीजशी जुळत नाही. पुदिना चार-पाच पानांपुरताच ठेवावा, अन्यथा पेस्तोची चटणी होते. बेसिलला तुरे येण्यापूर्वी शेंड्याकडील कोवळी पाने खुडावीत. तुरे आल्यावर पाने राठ आणि कडवट होतात.

तण ओळखण्यात घाई करू नये. घोळीचे देठ लालसर, मांसल आणि जमिनीला टेकून पसरलेले असतात व पाने जाड, गुळगुळीत असतात. तिच्या शेजारीच दुधी वर्गातील (दुधी भोपळ्याच्या नव्हे, चीक असलेल्या दुधी वनस्पतीच्या) तणे जमिनीलगत पसरलेली आढळतात. त्यांचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, घोळीतून कधीच येत नाही. चीक दिसला की ते रोप टाकून द्यावे आणि हात धुवावेत. आंबुशीला प्रत्येक देठावर पत्त्यांतल्या बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या, आकाराची तीन पाने आणि पाच पाकळ्यांची पिवळी फुले असतात. ज्या रोपाची खात्री नाही ते तोडूच नये, आणि रस्त्याच्या कडेचे, सांडपाण्याजवळचे किंवा तणनाशक फवारलेल्या जागेतील तण कितीही टवटवीत दिसले तरी घेऊ नये. या दोन्ही वनस्पतींत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी हा प्रकार टाळून केवळ बेसिलचा पेस्तो करावा.

घोळीची एक गंमत अशी की ती रात्री आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरते. सकाळी खुडलेली घोळ आंबट लागते, तर दुपारनंतर खुडलेली सौम्य. आंबुशी घालणार असाल तर घोळ दुपारनंतरची घ्यावी, म्हणजे आंबटपणा दुहेरी होत नाही. आंबुशी मूठभर पुरे होते आणि मग लिंबू पिळण्याची गरज उरत नाही.

खरा शत्रू पाणी आहे. घोळीची पाने पाण्याने भरलेली आणि बुळबुळीत असल्याने जाड देठ काढून फक्त पाने घ्यावीत, सर्व पाने धुऊन सुती पंचावर पसरावीत आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबावे. ओली पाने वाटली तर पेस्तो फिका होतो आणि तेल वेगळे सुटते. घोळीऐवजी चाकवत किंवा तांदुळजा वापरायचा असल्यास तो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा आणि घट्ट पिळून घ्यावा, म्हणजे त्याचा कच्चट वास जातो आणि हिरवा रंग टिकतो.

पानांचे एकूण वजन 60 ग्रॅम भरत असेल, तर 30 ग्रॅम काजू किंवा अक्रोड, 40 ग्रॅम किसलेले परमेजान, लसणाची एक पाकळी, पाव चमचा मीठ आणि 70 मिलिलिटर ऑलिव्ह तेल घ्यावे. खरे परमेजान वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे विकर वापरून करतात, म्हणून शाकाहारी वाचकांनी वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहून त्या धर्तीचे दुसरे कठीण चीज घ्यावे. पनीर वापरू नये, कारण त्यात ना खारटपणा असतो ना मुरलेली चव.

खलबत्ता असेल तर प्रथम लसूण आणि मीठ वाटावे, मग काजू, मग थोडी थोडी पाने, आणि चीज व तेल शेवटी हाताने मिसळावे. मिक्सरमध्ये करायचे असल्यास चटणीचे भांडे आधी फ्रीजमध्ये ठेवावे आणि थांबत थांबत फिरवावे, कारण सतत फिरल्याने भांडे तापते आणि पाने काळवंडतात. तेल मिक्सरमध्ये फार वेळ फिरवले तर त्याला कडवटपणा येतो. म्हणून निम्मे तेल वाटताना आणि उरलेले चमच्याने ढवळताना घालावे. वाटण रवाळ राहिलेले चांगले. गुळगुळीत लगदा करण्यात काही साधत नाही. चीजमध्ये मीठ असते, त्यामुळे जास्तीचे मीठ शेवटी चव घेऊनच घालावे.

पेस्तो आचेवर ठेवू नये. पास्ता शिजल्यावर त्याचे दोन-तीन चमचे पाणी पेस्तोत कालवावे आणि गॅस बंद करून मग पास्ता त्यात घोळवावा. जेनोआत त्यासोबत उकडलेला बटाटा आणि फरसबीही घालतात. हाच पेस्तो गरम ज्वारीच्या भाकरीवरही चांगला लागतो.

कच्चा लसूण आणि पाने तेलाखाली हवेविना राहिल्यास बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात, म्हणून वर तेलाचा थर दिला तरी पेस्तोची बरणी ओट्यावर ठेवू नये. ती फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावी. अधिक काळ टिकवायचा असल्यास चीज न घालता तो बर्फाच्या साच्यात गोठवावा, घट्ट झालेल्या वड्या पिशवीत भराव्यात आणि लागतील तेवढ्याच वड्या फ्रीजमध्ये वितळवून त्यांत ताजे किसलेले चीज मिसळावे.