नवीन आलेल्यांसाठी: सुरीची धार घरीच लावा

परदेशात नव्याने आलेली मंडळी पहिल्या महिन्यातच विचारतात, सुऱ्या कुठल्या घ्यायच्या? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी धार लावायला शिका. आपल्याकडचे लोक इथे आले की बारा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा घेऊन टाकतात आणि वर्षभरात बाराच्या बारा बोथट होतात. एक मोठी, एक लहान आणि एक दातेरी, एवढ्यावर घर चालतं. इथल्या अनेक घरांत सुरी चालेनाशी झाली की नवी आणतात. पोलाद उत्तम असतं, फक्त धार गेलेली असते. ही सवय उचलू नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटून बोटावर येते.

खाचेतून सुरी ओढायचं ते छोटं यंत्र मुळीच घेऊ नका. ते कड ओरबाडून काढतं आणि कोनही स्वतःचाच लादतं. दोन बाजूंची डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धार लावायची पट्टी, घ्या. एक बाजू ३०० ते ४०० ग्रिटची, दुसरी १००० ते १२०० ची (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक). तेल नको, भिजत ठेवणं नको, वर पाण्याचे चार थेंब पुरतात. पाण्यात भिजवून वापरायच्या धारेच्या दगडासारखी ती मधे खोलगट होत नाही, त्यामुळे सपाट करत बसावं लागत नाही.

आता जे सगळे चुकतात ते. दाबू नका. पोलादी पट्टीवर हिऱ्याचे बारीक कण निकेलच्या थरात धरून ठेवलेले असतात, आणि बहुतेक प्लेटांवर कणांचा तो एकच थर असतो. जोर दिला की कण उखडतात, आणि खाली नवे कण नसतात. एका मुलाने महागाची प्लेट मला दाखवायला आणली होती. कडा नव्यासारख्या खरखरीत आणि मधोमध बोटभर रुंदीचा पट्टा गुळगुळीत, चकचकीत. तिथे नख सरकत होतं, अडकत नव्हतं. ‘धार लवकर यावी’ म्हणून त्याने दोन्ही हातांनी रेटलं होतं. सुरीचं स्वतःचं वजन आणि बोटांचा जेमतेम स्पर्श, एवढाच भार. हिरा पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहे, कापायचं काम तो करेल. नवी प्लेट सुरुवातीला फार खरखरीत लागते. वर आलेले कण पहिल्या काही वेळांत बसतात किंवा निघून जातात. म्हणून ती परत करू नका, आणि लवकर मऊ व्हावी म्हणून दाबूही नका.

कोनाचं फार अवडंबर नको. साध्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश, पातळ जपानी सुरीला १५. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ प्लेटपासून साधारण १५ मिलिमीटर वर हवी, १५ अंशांसाठी १२. धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दोनदा हलकेच घासा. शाई फक्त वरच्या भागातली गेली तर पाठ जरा उचला, फक्त कडेवरची गेली तर जरा खाली आणा.

एका बाजूने मुठीपासून टोकापर्यंत घासत राहा. दुसऱ्या बाजूला, पाठीकडून धारेकडे बोट अलगद फिरवल्यावर बारीक कड अडकते. तिला बर म्हणतात. ती संपूर्ण लांबीवर आली की मगच सुरी उलटा. बऱ्याच जणांची धार इथेच अडते, कारण टोकाजवळ बर आलेली नसते आणि ते पुढे जातात. दुसऱ्या बाजूनेही बर येईपर्यंत घासा, मग बारीक ग्रिटवर तेच. शेवटी बर निघून जावी म्हणून बाजू बदलत, एकेक, अगदी हलके फटके. बर राहिली तर सुरी त्या दिवशी झक्क कापते आणि थोड्याच वापरात पुन्हा बोथट वाटते. कागद हवेत धरून कापून पाहा. जिथे पातं अडकून कागद फाटतो, तिथे अजून काम बाकी आहे.

झाल्यावर प्लेट धुवा, पुसा, कोरडी ठेवा. काचेच्या बोर्डावर कापू नका, डिशवॉशरमध्ये सुरी टाकू नका. दातेरी सुरी या प्लेटवर चालत नाही, तिला निमुळती डायमंड सळई लागते. आणि सुट्टीला जाताना सुरी सोबत नेणार असाल, तर ती गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत असली तर तपासणीत काढून घेतात.