शून्याने गुणलेलं स्वप्न

राज्यसेवेचा अभ्यास सांगलीत करायचा की पुण्यात, हे मला विचारू नका. विश्रामबागच्या अभ्यासिकेत मी तीन वर्षं काढली आणि आपटलो ते गावामुळे नाही.

सीसॅटमुळे. पूर्व परीक्षेतला हा गणित, बुद्धिमत्ता आणि आकलनाचा पेपर फक्त पात्रतेपुरता, 33 टक्के पुरे. मी 'पुरे' तेवढंच ऐकलं. 80 प्रश्न, 200 गुण. 66 गाठायला 27 उत्तरं बरोबर हवीत, आणि चुका दोनच्या वर नकोत, कारण चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात. मला पडले 61.25.

गणित कच्चं आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. मग मी काय केलं? टेबलावर उपजिल्हाधिकाऱ्याच्या पाटीचा फोटो चिकटवला. रात्री सत्कारांचे व्हिडिओ बघून अंगावर काटा यायचा. सकाळी नफा-तोट्याचं गणित दिसलं की चहाला उठायचो. पुढे लोकप्रशासनात व्हिक्टर व्रूम हा मानसशास्त्रज्ञ वाचला. 1964 साली त्याने मांडलंय: कष्ट केले तर जमेल ही खात्री, जमलं तर फळ मिळेल हा भरवसा आणि त्या फळाचं आपल्याला वाटणारं मोल, या तिघांचा गुणाकार म्हणजे प्रेरणा. गुणाकार, बेरीज नव्हे! बेरीज असती तर माझा फोटो कामी आला असता. माझं मोल शंभर, खात्री शून्य, आणि मी शंभराचे दोनशे करत बसलो होतो. दोनशे गुणिले शून्य किती, हे सीसॅट नापास माणसालाही येतं.

भाषणांनी खात्री वाढत नाही. (भाषणवाल्या सरांनी फळ्यावर एक गणित सोडवलेलं मी पाहिलं नाही.) जुन्या पेपरातले रोज दहा प्रश्न, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात तीन बरोबर यायचे, दीड महिन्याने सहा. वहीत तो सहा लिहिला त्या रात्री फोन न उघडता झोपलो. घाबरू नका, तीनवरून सुरुवात करणारे पुष्कळ असतात, फक्त सांगत नाहीत.

मधल्या भरवशाचं म्हणाल तर निवड होऊनही नियुक्तीसाठी ताटकळलेले मित्र आहेत. ते आपल्या हातात नाही, त्यावर चहा वाया घालवू नका.

मोल मात्र कुणाचं ते तपासा. तासगावच्या चौकातला फ्लेक्स हे आमच्या चुलत्यांचं स्वप्न होतं. मला हवा होता वेळेवर पगार आणि रविवारी बाग. गट-कची परीक्षा दिली, आता कर सहायक आहे. चुलते अजून विचारतात, "राज्यसेवेचं काय झालं रे?" मी त्यांना द्राक्षाचा दर विचारतो.