गाईची शेपटी डोळ्याला लागली? या चुका टाळा

पावसाळ्यात गोठ्यात माश्या वाढतात आणि धार काढताना गाय सारखी शेपूट झाडते. शेणामुताने माखलेल्या त्या शेपटीचा फटका डोळ्यावर बसला की आपण डोळा चोळतो, पदराने पुसतो आणि पुन्हा चरवी पुढे ओढतो. पण बुबुळावर बारीक ओरखडा उठलेला असतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. बहुतेकदा फ्युजेरियम नाहीतर अस्परजिलस. भाताचं कुसळ लागलं तरी हाच धोका.

बुरशी सावकाश वाढते. सुरुवातीला नुसतं खुपतं, पाणी येतं, उजेड नको वाटतो. डोळा आतून जितका बिघडलेला असतो तितका तो दुखेलच असं नाही, म्हणून माणूस थांबतो. बुबुळावर पांढरट ठिपका दिसेपर्यंत थांबू नका.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मेडिकलमधून 'लाली घालवणारे' ड्रॉप आणणं, किंवा घरातली कुणाची तरी उरलेली बाटली वापरणं. लेबलवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. पुढे बुबुळाला भोकही पडू शकतं. मध, एरंडेल, अंगावरचं दूध, पाल्याचा रस यांतलंही काही घालू नका. डोळा बांधूनही ठेवू नका.

स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. रुतलेलं कुसळ स्वतः काढू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि 'गाईची शेपटी लागली' हे आठवणीने सांगा. त्यावरूनच त्यांना बुरशीचा संशय येतो; मग बुबुळावरचा किंचित अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. औषध बहुधा नॅटामायसिन 5 टक्के, म्हणजे बुरशी मारणारे थेंब. दक्षिण भारतातल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीच्या औषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. मात्र ते खोलवर पोचत नाही, म्हणून लवकर सुरू व्हायला हवं. सुरुवातीला तासातासाला घालावं लागतं आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. लाली गेली म्हणून मध्येच सोडलं तर दुखणं उलटतं.

मांजराच्या किंवा वासराच्या अंगावर केस गळून गोल चट्टे पडले असतील तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी. त्यांना हात लावून पापणी चोळली तर ते पापणीवर येऊ शकतं.

धारेला बसण्याआधी शेपूट मागच्या पायाला सैल बांधा. भात झोडताना बाजूने बंद असलेला साधा प्लास्टिकचा चष्मा लावा.