गळ टाकताना आणि पत्ते पिसताना
रोल-प्लेइंग गेममधील (ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो) मासेमारी किंवा पत्त्यांचे डाव कथेतला अडथळा न मानता स्वतंत्र खेळ म्हणून खेळावेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्ये मासा गळाला लागल्यावर बटण दाबून धरण्यापेक्षा हलकेच, पुन्हापुन्हा दाबल्यास पडद्यावरची हिरवी पट्टी माशाच्या मागे स्थिर राहते, मात्र संगणकावर हा खेळ पात्र झोपल्यावरच जतन होत असल्याने, भारनियमनाची वेळ जवळ आली असेल (मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती न सांगताही येते), तर गळ आवरून पात्राला निमूटपणे झोपवावे. ‘द विचर ३’मधील ग्वेंट या पत्त्यांच्या खेळात हेरांचे (प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला टाकायचे) पत्ते आधी जमवावेत, कारण त्यांचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळाले तरी आपल्याला दोन नवे पत्ते उचलता येतात आणि तीनपैकी दोनच फेऱ्या जिंकायच्या असल्याने एक फेरी खुशाल सोडता येते.