कीटो शेवाळ वाढतं, पण फॉस्फेट उतरत नाही: खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं रिफ्युजियम चालवण्याची रीत

संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या दुय्यम टाकीत, शेवाळाचा गोळा सोडा, वर दिवा लावा, नायट्रेट आणि फॉस्फेट या पोषकद्रव्यांची काळजी मिटली, असं सर्रास सांगितलं जातं. शेवाळ दोन्ही शोषतं हे खरंच आहे. पण ते कोणत्या प्रमाणात शोषतं आणि दोन्हींपैकी एक आधी संपलं तर काय होतं, हे सांगायचं राहून जातं. बहुतेक रिफ्युजियम (संपमधले शेवाळ वाढवायचे कप्पे) नेमकी तिथेच अडतात. टाकी स्थिरावली आहे आणि खारटपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) तुम्हाला सांभाळता येते, असं इथे धरून चाललो आहे.

१. शेवाळ. कीटोमॉर्फाच (हेच कीटो, हिरव्या धाग्यांचं शेवाळ) घ्या, मूठभर पुरे. खाऱ्या पाण्यात हलवून धुवा आणि चिकटलेले खेकडे, गोगलगायी, काचेसारखे दिसणारे एप्टेसिया (उपद्रवी समुद्रफुलं) काढून टाका. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ दिसायला देखणं असतं, पण ते कधी कधी एका रात्रीत बीजपेशी सोडून पांढरं पडतं, आणि शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात येतं. कॉलर्पाची टॅक्सिफोलिया ही जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. म्हणून कोणतंही शेवाळ समुद्रात, खाडीत किंवा गटारात टाकू नका. वाळवून कचऱ्यात टाका.

२. जागा आणि प्रवाह. संपचा एक कप्पा, आणि पाणी गोळ्याच्या आरपार जाईल इतका प्रवाह. परतीच्या पंपाआधी जाळी हवीच.

३. प्रकाश. लाल-निळा एलईडी, मुख्य टाकीचे दिवे बंद असतील तेव्हा चालू. त्यामुळे रात्री पीएच कमी घसरतो. सुरुवात ८ तासांनी करा, दर तीन-चार दिवसांनी एक तास वाढवा आणि १४ तासांवर थांबा. चोवीस तास दिवा ठेवण्याचा सल्ला मानू नका, त्याने फक्त वीज जाते. पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकाश दिला तर पोषकद्रव्यं झपाट्यानं उतरतात आणि त्याचा फटका कोरलना (प्रवाळांना) बसतो.

४. नायट्रेट आणि फॉस्फेटचा मेळ. खरं काम इथे आहे. समुद्री शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण ३० अणू असतात. पाणी तपासायच्या किटवर दिसणाऱ्या आकड्यांत याचा अर्थ असा, की १ पीपीएम (लिटरला साधारण १ मिलिग्रॅम) फॉस्फेट उचलायला सुमारे २० पीपीएम नायट्रेट खर्च होतं. समजा, नायट्रेट ४ आणि फॉस्फेट ०.५ आहे. शेवाळ ४ पीपीएम नायट्रेट संपवेल तोवर फॉस्फेट फार तर ०.२ ने उतरून ०.३ वर येईल आणि वाढ थांबेल. मग दिवा मोठा करा नाहीतर अजून शेवाळ आणा, फॉस्फेट हलणार नाही. त्याला नायट्रेट लागतं, आणि ते तुम्हालाच घालावं लागतं.

शुद्ध प्रतीचं सोडियम नायट्रेट १४ ग्रॅम घ्या आणि आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण करा. या द्रावणाचे १० मिली १०० लिटर पाण्यात नायट्रेट सुमारे १ पीपीएमने वाढवतात. लिटर मोजताना दगड आणि वाळूनं व्यापलेली जागा वजा करा. दिवसाला १ पीपीएमपेक्षा जास्त वाढ नको आणि ५ वर आल्यावर थांबा. बागेचं मिश्रखत कधीही वापरू नका, त्यात फॉस्फेट असतं आणि अनेकदा तांबंही. अमोनियम नायट्रेट तर टाकीजवळही नको.

नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढंच गाठायचं आहे. शून्याचा हट्ट सोडा. दोन्ही शून्यावर आले की कोरल फिकटतात, आणि अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे बुडबुडे अडकलेले तपकिरी चिकट धागे, सहज माजतात. फॉस्फेट ०.०३ च्या खाली जाऊ लागलं तर रिफ्युजियमच्या दिव्याचे तास कमी करा आणि माशांना थोडं जास्त खायला द्या.

आकडा वाचताना किट नेमकं काय मोजतं ते पाहा. काही मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवतात. त्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात, म्हणजे ३० पीपीबी हे ०.०९ पीपीएम. नायट्रोजनच्या रूपात दिलेल्या नायट्रेटला ४.४ ने गुणा. हा गुणाकार विसरला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि टाकीत पोषकद्रव्यं नकळत जास्त होतात.

शेवाळ वाढतंय, नायट्रेट खर्च होतंय, तरी फॉस्फेट आठवडेच्या आठवडे तिथेच, असं झालं तर रिफ्युजियमला दोष देऊ नका. चुनखडीचे दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं कमी झालं की ते साठवलेलं हळूहळू सोडतात आणि साठा रिकामा होईपर्यंत आकडा हलत नाही. अशा वेळी घाईनं फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे ओतणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. फॉस्फेट एकदम कोसळतं, अल्कलिनिटी जास्त असेल तर कोरलची टोकं जळतात, आणि शेवाळही उपाशी राहतं.

५. छाटणी. शेवाळ टाकीबाहेर जात नाही तोवर काहीच बाहेर गेलेलं नसतं. कप्पा दोन तृतीयांश भरला की तिसरा हिस्सा काढा. कात्रीनं कापू नका, तुकडे पंपात जातात. गोळा बादलीत घेऊन हातानं फाडा, आणि परत ठेवताना खालची बाजू वर करा, नाहीतर अंधारातला भाग कुजून पोषकद्रव्यं परत पाण्यात सोडतो.

६. बिघाड ओळखणं. गोळ्यावर तपकिरी थर किंवा केसाळ शेवाळ चढलं, तर प्रवाह कमी पडतोय. धागे पांढरे आणि ठिसूळ होत असतील तर आधी नायट्रेट तपासा, मग दिवा फार जवळ आहे का ते पाहा. दोन्ही पोषकद्रव्यं पुरेशी असून वाढ खुंटली आणि रंग पिवळट झाला, तर लोह आणि मँगनीजचा संशय घ्या. आठवड्याला १० टक्के पाणी बदला. एवढ्यानं भागलं नाही तरच ही द्रव्यं असलेलं मिश्रण डब्यावरच्या निम्म्या मात्रेत सुरू करा, आणि पुढचे दोन आठवडे मात्रा वाढवू नका.