कथागीत लिहू पाहणाऱ्यांसाठी: पॉल केली यांच्या गाण्यांवरून काही सूचना

सांगली-सातारा भागात गाणी लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. शाहिरी पथकांतून, भजनी मंडळांतून आणि अलीकडे महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलामुलींकडून दरवर्षी नवी गाणी येतात. मात्र त्यांतील बहुतेक गाणी भावना सांगून थांबतात, गोष्ट सांगत नाहीत. ज्यांना तीन-चार मिनिटांत एक माणूस, त्याचे घर आणि त्याची अडचण ऐकणाऱ्यासमोर उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. नमुन्यादाखल ऑस्ट्रेलियाचे गायक-गीतकार पॉल केली यांची काही गाणी घेतली आहेत. केली यांचा जन्म १९५५ साली ॲडलेडमध्ये झाला आणि चार दशकांहून अधिक काळ ते साध्या चालींत, मोजक्या स्वरमेळांवर (कॉर्ड्सवर) सामान्य माणसांच्या गोष्टी गात आले आहेत. त्यांच्या गाण्यांतील तपशील त्यांच्या देशाचे आहेत. आपण उचलायची आहे ती फक्त बांधणी.

सुरुवात ऐकण्यापासून करावी, परंतु ते ऐकणे वहीसह असावे. पहिल्यांदा गाणे शब्द समोर न घेता ऐकावे, दुसऱ्यांदा शब्द वाचत ऐकावे, आणि त्यानंतर वहीत चार रकाने आखावेत: कोण बोलतो, कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो, आणि काय सांगत नाही. पहिले तीन रकाने कोणालाही भरता येतात. चौथा भरताना वेळ लागतो, आणि माझ्या मते कथागीताची सगळी किमया त्या चौथ्या रकान्यातच असते.

१९९६ साली आलेले ‘हाऊ टू मेक ग्रेव्ही’ हे गाणे या रकान्यांत घालून पाहावे. ज्यो नावाचा कैदी तुरुंगातून आपला भाऊ डॅन याला पत्र लिहितो आहे. तारीख २१ डिसेंबर, म्हणजे नाताळ चार दिवसांवर आलेला आहे आणि ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळ्यात येत असल्याने पारा शंभर अंश फॅरनहाइटवर जाण्याची चिन्हे आहेत. कोण कुठून येणार, कोणाचा नवा मित्र कसा असेल, अशी चौकशी करता करता ज्योला खरी काळजी लागते ती भाजलेल्या मांसाबरोबर वाढायच्या ग्रेव्हीची, कारण दरवर्षी ती तो करत असे. मग तो कृतीच सांगून टाकतो: पीठ, मीठ, थोडी रेड वाईन, आणि गोडीसाठी व आंबटपणासाठी टोमॅटो सॉस घालायला विसरू नको. पुढे आपल्या रीटाबरोबर नाचताना तिला फार जवळ धरू नकोस, असे तो डॅनला बजावतो, आपल्या पाठीत सुरा खुपसू नकोस असेही म्हणून जातो, आणि लगेच ते शब्द मागे घेतो. ज्योने गुन्हा काय केला, हे गाण्यात शेवटपर्यंत येत नाही. विशेष म्हणजे या गाण्याला ध्रुवपदही नाही; पत्राला ध्रुवपद नसते, हे केली यांनी नेमके ओळखले आहे. ऑस्ट्रेलियात आता २१ डिसेंबर हा दिवस गंमतीने ‘ग्रेव्ही डे’ म्हणून ओळखला जातो.

आता लिहिण्याकडे वळू. विषय निवडण्यापूर्वी बोलणारा निवडावा. ‘स्थलांतर’ किंवा ‘दुष्काळ’ असा विषय घेऊन बसले की लेखणी आपोआप भाषणाकडे वळते. त्याऐवजी एक माणूस घ्यावा आणि त्याला कोणाशी तरी बोलायला लावावे. ही रीत आपल्याला परकी नाही. आटपाडी तालुक्यातील माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी लिहिलेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांपैकी बहुतेक गीते रामकथेतील एकेका पात्राच्या तोंडी आहेत, आणि म्हणूनच सर्वांना पाठ असलेली कथा पुन्हा ऐकावीशी वाटते. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीतही पोटासाठी मुंबईला आलेला एक माणूस बोलतो. तो गावी राहिलेल्या बायकोविषयी बोलतो आणि त्यातूनच संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाची व्यथा निघते. राजकीय गाणे लिहू पाहणाऱ्याने ही छक्कड पुन:पुन्हा ऐकावी.

उदाहरण म्हणून विटा-खानापूर भागातला एक गलाई कामगार घेऊ. या भागातील माणसे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत आणि सणावारी त्यांचे गावाकडे लक्ष लागलेले असते. आपला माणूस केरळातल्या एका गावी भट्टीवर काम करतो. तो धाकट्या भावाला फोन करतो आहे. केव्हा? येथे ‘एके दिवशी’ असे लिहून चालणार नाही. केली यांनी तारीख दिली म्हणून सगळे गाणे ताणले गेले. आपण आषाढातल्या बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची, आदली संध्याकाळ घेऊ, कारण त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते आणि तो तेथे नाही.

बोलणारा ठरला की त्याला एखादे काम द्यावे, ज्याची रीत त्याला हातच्या मळासारखी ठाऊक आहे. ग्रेव्हीच्या जागी कटाची आमटी टाकून मोकळे होण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा, कारण मग गाणे नक्कल वाटते आणि आमटीची कृती त्या माणसाच्या स्वभावातून येत नाही. आपल्या माणसाला बैल कळतात. तेव्हा शिंगांना हिंगूळ कोणी लावायचा, शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या कुठे ठेवल्या आहेत, कोणता बैल बुजरा आहे, हे तो सांगेल. मी केलेला कच्चा मसुदा असा:

बाळ्या, उद्या बेंदूर ना?
हिंगूळ आणला कुणी?
डावा सर्जा बुजतोय,
कान धरू नगं त्याचा.

माळ्यावर शेंब्या बघ,
चिंच लावून त्या घास.
तिला सांग, बरा हाय,
हात हलतोय आता.

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. अष्टाक्षरी बोलण्याच्या जवळची असल्यामुळे फोनवरचे संभाषण तिच्यात ओढाताण न होता बसते, आणि यमक मुद्दाम जुळवलेले नाही, कारण काळजीत असलेला माणूस यमकात बोलू लागला की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. सहा ओळी बैलांच्या आणि शेंब्यांच्या आहेत, निदान तशा दिसतात. सातवीत निरोप आहे. आठव्या ओळीत हात येतो. भट्टी, तेजाब, दवाखाना, मालकाशी झालेला वाद हे सगळे लिहिण्याचा मोह मलाही झाला होता, परंतु ते शब्द आत आले असते तर ‘हलतोय’ या एका क्रियापदाचे काम संपले असते. चौथा रकाना भरायचा तो असा. बोलणारा जे लपवतो त्याचे एकच टोक बाहेर दिसू द्यावे, आणि ते शक्यतो दुसऱ्याच गोष्टीच्या ओघात यावे.

येथे बोलीविषयी थोडे सांगणे भाग आहे. ‘हाय’, ‘नगं’, ‘हलतोय’ हे रूप पात्राच्या तोंडी शोभते. मात्र गावरान दिसावे म्हणून प्रत्येक शब्द वाकवू नये. आपण ज्या गावची बोली ऐकत वाढलो तीच वापरावी. माणची बोली आणि मिरजेची बोली एक नाही, आणि ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या कडव्यातच कळतो.

सगळी गाणी फोनवर किंवा पत्रात घडतील असे नाही. काही गोष्टींना प्रवास लागतो. केली यांच्या १९८७ सालच्या ‘टू हर डोअर’ मध्ये लवकर लग्न झालेले, पैशाची तंगी असलेले जोडपे आहे. नवरा पितो, बायको मुलांना घेऊन भावाकडे निघून जाते, तो व्यसनमुक्तीसाठी राहतो आणि वर्षभराने तिला भेटायला निघतो. उसाच्या मळ्यांतून पावसात धावणारी ऑलिम्पिक कंपनीची बस आणि नंतर सिल्व्हर टॉप टॅक्सी, अशी वाहनांची नावे गाण्यात आहेत. आपल्याकडे हा प्रवास लिहिताना ‘गाडी’ एवढे म्हणून भागवू नये. कऱ्हाडला एसटी बदलली, पुढे वडापात दाटीवाटीने बसला, असे लिहिले की वाचणाऱ्याला माणसाची ऐपत, वेळ आणि अवघडलेपण तिन्ही कळतात. ऊस तर आपल्याही रस्त्यांच्या दोन्ही अंगांना आहेच. त्या गाण्याचा शेवट दारापर्यंत येऊन थांबतो. दार उघडल्यावर काय झाले ते केली सांगत नाहीत. नवख्या लेखकाला हा शेवट अपुरा वाटतो आणि तो आणखी एक कडवे लिहून नवरा-बायकोला एकत्र आणतो. ते कडवे लिहावे, वहीत ठेवावे, आणि गाताना गाळावे.

ऐतिहासिक घटनेवर गाणे करायचे असेल तर पद्धत थोडी निराळी आहे. केव्ह कारमोडी आणि पॉल केली यांनी मिळून लिहिलेले ‘फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो’ हे गाणे १९९१ साली आले. १९६६ च्या ऑगस्टमध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातील वेव्ह हिल येथील गुरिंजी जमातीच्या गुराख्यांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. ती जमीन वेस्टी या ब्रिटिश घराण्याच्या कंपनीकडे होती. वरकरणी ही मजुरीची लढाई होती, प्रत्यक्षात जमिनीची. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी लिंगियारी यांच्या हातात माती ओतून जमिनीचा हक्क मान्य केला. एवढा मोठा कालखंड पेलण्यासाठी गाण्यात दोन युक्त्या केलेल्या आहेत. एक म्हणजे सगळा संघर्ष लिंगियारी आणि वेस्टी या दोन माणसांच्या समोरासमोरच्या बोलण्यात आणला आहे. दुसरी अशी की शेवटी येणाऱ्या पंतप्रधानांचे नाव न घेता केवळ एक उंच अनोळखी माणूस आल्याचे सांगितले आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याची नजर पदावर न जाता बोटांमधून गळणाऱ्या मातीवर राहते. पत्रात नको असलेले ध्रुवपद या गाण्यात मात्र हवेच, कारण ते लोकांनी एकत्र म्हणायचे आहे.

पोवाडा लिहिणाऱ्याला हे थोडे खटकेल. पोवाड्यात नावे, गावे, वार, तिथी यांची रेलचेल असते आणि ती त्याची ताकदच आहे. प्रतिसरकारच्या काळावर या जिल्ह्यांत पोवाडे गायले गेले ते गाजले नावांसकट. तेव्हा पोवाडा लिहायचा असेल तर पोवाडाच लिहावा. कथागीत लिहायचे असेल तर एका प्रसंगावर, दोन माणसांवर आणि हातात धरता येईल अशा एका वस्तूवर टिकून राहावे. दोन्हींची भेसळ केली की ना डफ घुमतो ना गोष्ट उरते.

केली यांनी १९८७ मध्येच डॉन ब्रॅडमन यांच्यावरही गाणे लिहिले, आणि ते ऐकताना सांगलीकराला हटकून एक गोष्ट आठवते: सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढली, आणि त्याच सामन्यात २०१ धावांवर खेळणाऱ्या ब्रॅडमन यांचा त्रिफळाही उडवला. तो सामना भारत डावाने हरला. इतका तयार मालमसाला सांगलीत पडून असताना त्याचे गाणे कोणी केलेले माझ्या ऐकण्यात नाही. ज्याला विषय सुचत नसेल त्याने हा घ्यावा, परंतु धावफलक गाऊ नये, सामना हरलेल्या संध्याकाळी हजारे कोणाशी काय बोलले असतील तेथून सुरुवात करावी.

साहित्य वाचनातूनही मिळते. ‘एव्हरीथिंग्ज टर्निंग टू व्हाइट’ या १९८९ सालच्या गाण्यासाठी केली यांनी अमेरिकी लेखक रेमंड कार्व्हर यांच्या एका कथेचा आधार घेतला: मासेमारीला गेलेल्या पुरुषांना नदीत एका मुलीचे प्रेत सापडते आणि तरीही ते मासेमारी थांबवत नाहीत. गाण्यात हे सारे त्यांच्यापैकी एकाची बायको सांगते. प्रसंगाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला बोलते केल्याने काय साधते, ते या गाण्यात पाहावे. स्वामित्वहक्क अजून लागू असलेली कथा घेताना परवानगी घ्यावी, तसेच केली यांचे गाणे जसेच्या तसे मराठीत करून प्रसिद्ध करायचे असले तरीही. ओळखीच्या घरातली गोष्ट घेताना नाव, गाव आणि नाते बदलावे. लहान गावांत एवढ्यानेही पुष्कळदा पुरत नाही, म्हणून व्यवसायही बदलावा.

चाल सर्वांत शेवटी लावावी. शब्द आधी मोठ्याने, चालीविना, ठेका न धरता वाचावेत आणि जेथे श्वास अडतो ती ओळ मोडावी. हार्मोनियमवर किंवा गिटारवर तीन-चार स्वरमेळ पुरतात. आलाप आणि ताना येथे अडसर ठरतात, कारण गोष्ट ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो. शेवटची ओळ संथ करून, आवाज खाली आणून म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. कथागीतात ती आधीच्या ओळींच्याच गतीने म्हणावी.

गाणे पहिल्यांदा म्हणून दाखवताना निवेदन करू नये. ‘हे गाणे एका गलाई कामगाराचे आहे’ एवढे जरी आधी सांगितले तरी चाचणी वाया जाते. ऐकणारे चार-पाचच असावेत आणि त्यांतला निदान एकजण आपल्या कवितांचे नेहमी कौतुक न करणारा असावा. गाणे संपल्यावर ते काय विचारतात ते लिहून घ्यावे. ‘हा कोण बोलतोय?’ असा प्रश्न आला तर पहिले कडवे पुन्हा लिहावे. ‘बेंदूर कशाला आणलाय मध्ये?’ असे कोणी म्हणाले तर बैलांच्या ओळींत त्या माणसाचा जीव अजून उतरलेला नाही, असे समजून त्या दुरुस्त कराव्यात. ‘हाताला काय झालं त्याच्या?’ असे विचारले तर उत्तर देऊ नये आणि गाण्यातही काही बदलू नये.